बर्फाच्या पेटीतला हिवाळा

१/ जानेवारी १८६४. ‘नॉरफोक’ नावाचे शिडाचे जहाज इंग्लंडहून ऑस्ट्रेलियाकडे निघाले. त्याच्या पोटात बर्फाची एक कोठी होती. त्या बर्फाखाली लाकडी पेट्या रचलेल्या होत्या आणि पेट्यांमध्ये माशांची जिवंत अंडी होती. सॅल्मनची सुमारे एक लाख, ट्राउटची जेमतेम तीन हजार. या थ्रेडमध्ये त्या तीन हजार अंड्यांची आणि पाण्याच्या तापमानाची कथा पाहू.

२/ गोड्या पाण्यात गळ टाकणारा माणूस प्रथम ऋतू पाहतो, कारण माशाचे रक्त पाण्याइतकेच थंड किंवा उष्ण असते. तपकिरी ट्राउट साधारण बारा ते सोळा अंश सेल्सियसला भरपूर खातो. पाणी गोठणबिंदूजवळ आले की तो तळाशी निश्चल पडून राहतो. वीस अंशांच्या आसपास त्याची भूक मंदावते आणि पंचविशीच्या पलीकडे प्राणावर बेतते.

३/ थर्मामीटर नव्हता तेव्हाही हे ज्ञान होते; ते कीटकांच्या रूपाने नोंदले जाई. १४९६ साली इंग्लंडमध्ये गळाच्या मासेमारीवर एक प्रबंध छापला गेला. त्यात पिसे आणि लोकर वापरून करायच्या बारा कृत्रिम माश्या सांगितल्या आहेत, त्याही मार्च ते ऑगस्ट अशा महिन्यांच्या क्रमाने. नदीवर ज्या महिन्यात जो कीटक उडतो, त्याचीच नक्कल गळाला बांधायची, हे त्यातले सूत्र.

४/ १८३६ साली आल्फ्रेड रोनाल्ड्स यांनी या परंपरेला शास्त्राची बैठक दिली. स्टॅफर्डशायरमधील ब्लाइथ नदीकाठी त्यांनी निरीक्षणासाठी एक झोपडी बांधली होती. पाण्यातून माशाला काठावरचा माणूस कसा दिसतो, प्रकाश कसा वाकतो, याचा त्यांनी तेथे अभ्यास केला. कीटकांची शास्त्रीय नावे आणि त्यांचे महिने देणारे त्यांचे पुस्तक पुढे कित्येक दशके प्रमाण मानले गेले.

५/ १८४८ साली हेच रोनाल्ड्स ऑस्ट्रेलियात स्थलांतरित झाले. ट्राउटच्या सवयींचा हा जाणकार अशा भूमीत येऊन राहिला, जिथे ट्राउट मुळी नव्हताच. सॅल्मन आणि ट्राउट यांचे कूळ मूळचे उत्तर गोलार्धातले. टास्मानियाच्या नद्या थंड होत्या, स्वच्छ होत्या, तळाला गोटे होते. परंतु त्यांत हे मासे नव्हते. १८६० साली रोनाल्ड्स वारले. ‘नॉरफोक’ यायला अजून चार वर्षे होती.

६/ टास्मानियातील वसाहतवाल्यांना खरी ओढ सॅल्मनची होती. ताटात तो हवा, व्यापारालाही हवा आणि गळालाही हवा. अडचण वाटेत होती. इंग्लंडहून तिकडे जाणारे प्रत्येक जहाज विषुववृत्त ओलांडे. थंड पाण्याच्या जिवाला उष्ण कटिबंधातून आठवडेच्या आठवडे न्यायचे कसे?

७/ १८५२ साली पहिला मोठा प्रयत्न झाला. अंडी टबात ठेवली होती. जहाज उष्ण प्रदेशात शिरताच पिल्ले बाहेर आली आणि मेली. १८६० साली सोबत बर्फ घेतला. तो वाटेतच संपला. १८६२ साली ‘ब्युटिफुल स्टार’ या जहाजावरही तेच घडले. तीन प्रयत्न, तीन अपयशे. सरकारी पैसा पाण्यात गेला आणि थट्टाही झाली.

८/ परंतु तिसऱ्या अपयशातच उत्तर दडले होते. या खटपटीचे सूत्रधार जेम्स यूल यांनी त्या जहाजाच्या बर्फाच्या कोठीत एक लहानशी पेटी ठेवून दिली होती. तिच्यात थोडी अंडी ओल्या मॉसमध्ये, म्हणजे ओलसर दगडांवर वाढणाऱ्या मऊ हिरव्या वनस्पतीत, गुंडाळली होती. वाहत्या पाण्याची खर्चिक यंत्रणा हरली. या साध्या पेटीतली काही अंडी मात्र सर्वांत जास्त दिवस जगली.

९/ यूल यांनी मग लंडनमधील एका बर्फ कंपनीच्या तळघरात प्रयोग मांडला. मॉसमध्ये गुंडाळलेली अंडी बर्फाखाली पुरली आणि ती तीन महिन्यांहून अधिक काळ जिवंत राहिली. अंड्याला वाहते पाणी लागतेच, ही समजूत त्यामुळे मोडली. ओलावा, हवा आणि थंडी एवढे पुरेसे होते.

१०/ यामागचे गणित आज आपल्याला ठाऊक आहे. ट्राउटचे अंडे दहा अंशांच्या पाण्यात सुमारे सहा आठवड्यांत फुटते. पाच अंशांना त्याला जवळजवळ बारा आठवडे लागतात. पाणी आणखी गार असेल तर चार-पाच महिने. थंडीने अंडे मरत नाही, त्याचे घड्याळ मंदावते. यूल यांनी जहाजाच्या पोटात एक कृत्रिम हिवाळा भरला आणि तो तीन महिने वितळू दिला नाही.

११/ ‘नॉरफोक’च्या खेपेत ट्राउटची भर अगदी शेवटी पडली. मत्स्यतज्ज्ञ फ्रँक बकलंड आणि फ्रान्सिस फ्रान्सिस यांनी दक्षिण इंग्लंडमधील इचेन, वे यांसारख्या नद्यांतून ही अंडी मिळवून दिली. एप्रिलच्या मध्यास जहाज मेलबर्नला पोचले. तेथून पेट्या दुसऱ्या जहाजाने होबार्टला, मग डरवेंट नदीतून वर, आणि अखेर माणसांच्या खांद्यांवरून प्लेन्टी नदीकाठच्या तळ्यांपर्यंत गेल्या.

१२/ ४ मे १८६४ रोजी पहिले ट्राउट अंड्यातून बाहेर आले. सुमारे तीनशे पिल्ले जगली. सॅल्मनची पिल्लेही हजारोंनी निघाली, वाढली आणि स्वभावानुसार समुद्राकडे गेली. परंतु नद्यांत परतून त्यांनी आपला वंश रुजवला नाही. ज्याच्यासाठी एवढा खटाटोप केला तो मासा हरवला. जो जाता जाता पेटीत पडला, तो टास्मानियाचा झाला.

१३/ आता सर्वांत विलक्षण भाग. इंग्लंडमध्ये ट्राउटच्या विणीचा काळ साधारण नोव्हेंबर ते जानेवारी असतो. प्लेन्टीच्या तळ्यातील माशांनी १८६६ साली पहिल्यांदा अंडी घातली, ती दक्षिण गोलार्धाच्या हिवाळ्यात, म्हणजे वर्षाच्या मध्यावर. एकाच पिढीत त्यांचे पंचांग सहा महिन्यांनी सरकले. महिन्यांची नावे माणसाची. मासा दिवसाची लांबी आणि पाण्याची थंडी मोजतो.

१४/ पुढे हाच वंश न्यूझीलंडला गेला (१८६७). भारतात काश्मीरसाठी १८९९ साली पाठवलेली पहिली अंडी वाटेतच नासली. पुढच्या वर्षी स्कॉटलंडहून आलेली खेप जगली. श्रीनगरात गालिच्यांचा कारखाना चालवणारे फ्रँक मिचेल यांनी हारवन येथे ती वाढवली. निलगिरीत १८६० च्या दशकातले प्रयत्न फसले होते. १९०७ मध्ये अ‍ॅव्हलांच येथे उबवणी केंद्र उभे राहिल्यावर तेथे इंद्रधनुषी ट्राउट रुजला. विषुववृत्त जवळ असूनही उंचीने थंडी दिली.

१५/ काश्मीरमधला गळाचा हंगाम आजही या थंडीनेच ठरतो. एप्रिल ते सप्टेंबर परवानगी, हिवाळ्यात विणीसाठी बंदी. वसंतात पाणी गार असते, म्हणून आमिष तळाशी आणि संथ न्यावे लागते. बर्फ वितळू लागला की लिद्दरसारखी नदी फुगते, गढूळ होते. तेव्हा लहान उपनद्या किंवा झऱ्यांचे ओढे बरे. उन्हाळ्यात पहाट, संध्याकाळ आणि खळाळते पाणी. पावलाची चाहूल मात्र कधीच लागू द्यायची नाही.

१६/ याच्या उलट अमेरिकेतील बास हा मासा. त्याला ऊब मानवते. वसंतात पाणी सोळा-सतरा अंशांपर्यंत तापले की नर उथळात घरटे करतो आणि अंड्यांची राखण करतो. उन्हाच्या दिवसांत तो दुपारी खोल पाण्यात किंवा पाणवनस्पतींच्या सावलीत सापडतो, शरदात लहान माशांच्या थव्यांमागे धावतो, हिवाळ्यात खोलवर सुस्तावतो. गळ टाकण्याची जागा ऋतूगणिक बदलते ती यामुळेच.

१७/ बासला बर्फाची गरज नव्हती, म्हणून त्याचा प्रवास फार सोपा झाला. १८५४ साली जनरल विल्यम श्रायव्हर यांनी काही बास एका छिद्रे पाडलेल्या बादलीत घातले, ती बादली रेल्वे इंजिनाच्या पाण्याच्या टाकीत टांगली आणि ते मासे ओहायोच्या खोऱ्यातून पोटोमॅकच्या खोऱ्यात आणून सोडले. १९२५ साली बास जपानच्या आशी सरोवरातही पोचला. २००५ मध्ये जपानने त्याला घातक परका जीव ठरवून त्याची ने-आण आणि पाण्यात सोडणे यांवर बंदी घातली.

१८/ ट्राउटचा हिशेबही निर्मळ नाही. टास्मानिया आणि न्यूझीलंडच्या ओढ्यांत गॅलॅक्सिअस कुळातील लहान, खवले नसलेले मासे राहत होते. ट्राउटने त्यांना खाल्ले आणि त्यांचे अन्नही हिरावले. आज त्यांच्या कित्येक जाती धबधब्यांच्या वर, ट्राउटला चढता येत नाही अशा पाण्यात तग धरून आहेत. इंग्लंडची आठवण जपण्यासाठी नेलेल्या माशाने तिथली मूळची सृष्टी मागे रेटली. त्या पेट्या जपणाऱ्यांपैकी कोणी हा प्रश्न विचारला नव्हता.

१९/ आणि आता घड्याळ उलटे फिरते आहे. अमेरिकेतील मोंटाना राज्यात नदीचे पाणी सलग तीन दिवस ७३ अंश फॅरनहाइटपर्यंत, म्हणजे साधारण तेवीस अंश सेल्सियसपर्यंत तापले की दुपारी दोनपासून मध्यरात्रीपर्यंत गळ टाकण्यास बंदी घालता येते. कारण उष्ण पाण्यात प्राणवायू कमी असतो. पकडून सोडलेला ट्राउटही दमून मरतो. पाचशे वर्षांपूर्वी हंगाम कीटकांवरून ओळखत, आज तो तापमापकावरून ठरतो.

२०/ १८६४ साली माणसाने एक हिवाळा पेटीत बंद करून अर्ध्या पृथ्वीवरून नेला आणि परक्या नद्यांत ट्राउट वसवला. त्या नद्या त्याने निवडल्या होत्या त्या केवळ त्यांच्या थंडीसाठी. ती थंडी ओसरू लागली, तर माशाला आणखी वर, उगमाकडे सरकावे लागेल. आणि तिथे धबधब्यापलीकडे तेच छोटे गॅलॅक्सिअस आधीच आसरा घेऊन बसले आहेत. नद्यांच्या इतिहासात तापमानाची नोंद राजांच्या सनावळ्यांइतक्याच काळजीने वाचली पाहिजे, ती यासाठी.

(थ्रेड समाप्त)