मायना आणि मजकूर

‘वरील विषयास अनुसरून विनंतीपूर्वक अर्ज करतो की...’ एवढं लिहून झालं की शाळेत अर्धे गुण खिशात असायचे. वर प्रति, विषय, महोदय. खाली ‘आपला विश्वासू’. नोकरीच्या अर्जाशी आपली ओळख अशी मायन्यापासून होते आणि पुष्कळांची तिथेच थांबते. या अर्जाची कुळकथा मात्र मायन्यापेक्षा मजकुराची आहे.

या कुळातला सर्वांत नावाजलेला पूर्वज इटलीतला. 1482च्या सुमारास तिशीतल्या लिओनार्दो दा विंचीने मिलानची सत्ता हाती असलेल्या लुदोविको स्फोर्झासाठी एक पत्र तयार केलं. त्याचा मसुदा ‘कोडेक्स अ‍ॅटलांटिकस’ या त्याच्या कागदपत्रांच्या संग्रहात आहे. अक्षर बहुधा दुसऱ्या कुणाचं. त्यात क्रमांक घालून कलमं आहेत: उचलून नेता येणारे हलके पूल, वेढ्याच्या वेळी खंदकातलं पाणी काढण्याची युक्ती, तोफा, आच्छादित रथ, आवाज न करता खणायचे भुयारी मार्ग. शांततेच्या काळातली कामं दहाव्या कलमात येतात. चित्रकला, जिच्यामुळे आज जग त्याला ओळखतं, ती अगदी शेवटाकडे, जाता जाता. नगरराज्यं एकमेकांच्या उरावर बसलेली असताना राज्यकर्त्याला काय हवं, हे लिओनार्दोने ओळखलं होतं. आणि शेवटी तो म्हणतो, यातलं काही अशक्य वाटत असेल, तर आपण सांगाल तिथे करून दाखवतो.

आपल्याकडे पत्रलेखनाचं शास्त्र होतं, पण त्याचा जीव मायन्यात. कोणाला ‘स्वामींचे सेवेसी’ लिहायचं, कुठे ‘कृतानेक साष्टांग नमस्कार’ घालायचे, कुठे ‘विज्ञापना’ म्हणायचं, हे सांगणारी ‘मेस्तके’ असत. त्यांचं श्रेय परंपरा हेमाडपंतांना देते. मोडी लिहिणाऱ्या कारकुनाची पारख इथूनच सुरू होई. कारकुनी मात्र बरेचदा घराण्याने, ओळखीने किंवा कुणाच्या शब्दाखातर मिळे, त्यामुळे स्वतःचे गुण पत्रात मांडण्याची गरज फारशी पडत नसे.

ती गरज इंग्रजी अमलात पडली. 1844 साली गव्हर्नर जनरल हार्डिंगने सरकारी नोकरीत इंग्रजी शिकलेल्यांना प्राधान्य देण्याचं ठरवलं आणि अर्जाची भाषा बदलली. सुरुवातीला ‘आय बेग टू’, शेवटी ‘युवर मोस्ट ओबिडियंट सर्व्हंट’. गंमत अशी की हे शेवटचं शब्दांचं तोरण इंग्रज साहेब एकमेकांनाही, अगदी हाताखालच्यांनाही लावत. त्यांच्या लेखी तो निव्वळ शिष्टाचार. आपला उमेदवार ते अक्षरशः खरं मानून लिहीत होता.

याच साच्यातला एक अर्ज 9 फेब्रुवारी 1912चा आहे. मद्रास पोर्ट ट्रस्टमध्ये कारकुनाची जागा रिकामी असल्याचं कळलं म्हणून श्रीनिवास रामानुजन यांनी तो केला. मॅट्रिक पास, एफ. ए.पर्यंत (तेव्हाच्या कॉलेजच्या पहिल्या परीक्षेपर्यंत) शिक्षण, पुढे अडचणींमुळे खंड, आता सारा वेळ गणिताला, नेमणूक झाल्यास कामाला न्याय देईन, एवढाच मजकूर. सोबत प्रेसिडेन्सी कॉलेजच्या गणिताच्या प्राध्यापकांची शिफारस. 1 मार्चला ते महिना 30 रुपयांवर रुजू झाले.

पुढच्या वर्षी, 16 जानेवारी 1913ला, त्याच कारकुनाने केंब्रिजचे गणितज्ञ जी. एच. हार्डी यांना पत्र लिहिलं. सुरुवात पुन्हा ‘आय बेग टू’नेच. विद्यापीठाचं शिक्षण नाही, हेही सांगून टाकलेलं. पण या वेळी सोबत पानंच्या पानं भरून सूत्रं होती. ती पाहून हार्डींनी सिद्धता मागवल्या, आणि 1914मध्ये रामानुजन केंब्रिजला पोहोचले. दोन्ही पत्रांत अदब तीच. पहिल्यात त्यांच्या लायकीची ग्वाही दुसऱ्याने दिली होती, दुसऱ्यात ती त्यांच्या कामाने दिली.

विसाव्या शतकात शिक्षण-अनुभवाची जंत्री ‘बायोडेटा’ नावाच्या वेगळ्या कागदावर गेली आणि मूळ पत्र त्याच्यावरचं ‘कव्हरिंग लेटर’ झालं. मग ते ‘सोबत बायोडेटा जोडला आहे, कृपया विचार व्हावा’ इतकं आटलं. आता कागद गेला, ईमेल आला. मायना ‘डिअर सर/मॅडम’वर स्थिरावला. जंत्री वेगळी झाली म्हणजे पत्र रिकामं झालं, असा समज मात्र उरला. वास्तविक जंत्रीचं ओझं उतरल्यामुळे पत्रात दोनच गोष्टींना भरपूर जागा झाली आहे: समोरच्याची नड काय आहे आणि ती भागवणारं आपण आधी काय केलं आहे. ‘मी मेहनती व प्रामाणिक आहे’ हे वाक्य एका जागेसाठी आलेल्या ढिगातल्या जवळपास प्रत्येक अर्जात असतं. ‘आधीच्या दुकानात साठ्याची नोंद वहीवरून संगणकावर मी नेली, तुमच्या जाहिरातीत तेच काम दिसतं’ असं लिहिणारा उमेदवार मुलाखतीला बोलावला जाण्याची शक्यता जास्त, मग खाली ‘आपला विश्वासू’ असो वा ‘रिगार्ड्स’.