फरक न सापडणं हाही निष्कर्षच

मढच्या जेट्टीवर एका होडीची मासळी बघून कोणी समुद्राचा हिशेब मांडत नाही. चिंताविकारांच्या मेंदू-संशोधनात मात्र बरीच वर्षं तसंच चाललं: थोड्याशा रुग्णांचे एमआरआय काढले की निष्कर्ष तयार.

ज्या एनएमआरवर एमआरआय उभं आहे, त्याच्याशी मुंबईचं नातं जुनं. १९५१ साली स्टॅनफर्डमध्ये अर्नोल्ड आणि पॅकार्ड यांच्यासोबत एस. एस. धर्मट्टींनी इथेनॉलमधल्या हायड्रोजनचे तीन वेगळे सिग्नल दाखवले. पुढे त्यांनी मुंबईच्या टीआयएफआरमध्ये एनएमआरचं काम उभं केलं. म्हणजे देशांपलीकडची भागीदारी या तंत्रात पहिल्यापासून आहे.

२००९ मध्ये सुरू झालेल्या एनिग्मा या जागतिक गटाने ती रुग्णांच्या स्कॅनपर्यंत नेली. सामान्यीकृत चिंताविकारावरचा त्यांचा अभ्यास २०२१ मध्ये आला. २८ केंद्रं, १,०२० रुग्ण, २,९९९ निरोगी व्यक्ती. आणि मेंदूच्या रचनेत दोन गटांत एकंदर फरक निघालाच नाही!

याचा अर्थ आजार खोटा, असं मुळीच नाही. नुसता रचनेचा स्कॅन बघून त्याचं निदान होत नाही, एवढंच.

तुम्ही प्रस्ताव लिहाल तेव्हा दोन प्रश्न आधी विचारा: माझा नमुना पुरेसा मोठा आहे का? आणि फरक नाही निघाला, तर तेही छापायची माझी तयारी आहे का?