वन्यप्राणी अनाथालय, हेमलकसा

गडचिरोली जिल्ह्याच्या भामरागड तालुक्यातील लोकबिरादरी प्रकल्पाचे प्राणिसंग्रहालय. ‘आमटेज ॲनिमल आर्क’ या नावानेही ते परिचित आहे. बाबा आमटे यांनी २३ डिसेंबर १९७३ रोजी माडिया गोंड आदिवासींसाठी प्रकल्प सुरू केला, डॉ. प्रकाश व डॉ. मंदाकिनी आमटे यांनी तो वाढवला. या दांपत्याला २००८ मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाला. दवाखाना आणि आश्रमशाळेच्या शेजारचे हे संग्रहालय मात्र कुणी आराखडा करून उभारलेले नाही.

शिकारीहून परतणाऱ्या माडियांकडे एकदा मारलेली लाल तोंडाची माकडीण होती आणि तिचे जिवंत पिल्लू तिला बिलगून दूध पिऊ पाहत होते. डॉ. प्रकाश यांनी तांदूळ व कपडे देऊन ते पिल्लू मागून घेतले. तीच बबली, इथली पहिली रहिवासी. माडिया पोटासाठी शिकार करीत. भुकेल्या माणसाला भूतदया सांगणे अन्यायाचेच झाले असते. पिल्लू जिवंत आणा, बदल्यात धान्य न्या, हा व्यवहार त्यांना पटला. मग अस्वल, बिबट्या, तरस, कोल्हा, साळिंदर, नीलगाय, मगर असे प्राणी येत गेले. अस्वलाने ओरबाडलेली माणसे दवाखान्यात येत, त्यांना टाके पडत; त्याच आवारात अस्वलाची पोरकी पिल्लेही वाढत. जंगलातल्या जगण्याच्या या दोन्ही बाजू एवढ्या जवळून दाखवणारे दुसरे ठिकाण महाराष्ट्रात क्वचितच सापडेल.

भोवतालचेच प्राणी ठेवणारी संग्रहालये इतरत्रही आहेत. अमेरिकेत ॲरिझोनातील सोनोरा वाळवंटाचे संग्रहालय १९५२ पासून त्या वाळवंटातील जीवसृष्टी दाखवते. तिथे लोकशिक्षणाचा हेतू आधीपासून होता. हेमलकशात आधी पिल्ले जगवायची होती, पाहुणे नंतर आले.

विलास मनोहर यांचे ‘नेगल’ आणि डॉ. प्रकाश आमटे यांचे ‘रानमित्र’ ही पुस्तके या प्राण्यांविषयी आहेत. नेगल हे इथल्या बिबट्याचे नाव. बिबटे, अस्वले डॉक्टरांबरोबर मोकळी फिरत, ही छायाचित्रे गाजली. पण १९७२ चा वन्यजीव कायदा आणि पुढे केंद्रीय प्राणिसंग्रहालय प्राधिकरणाचे नियम यांमुळे वन्यप्राणी बाळगणे हा खासगी जिव्हाळ्याचा विषय राहिला नाही, आणि ते योग्यच आहे. माणसाच्या हातून दूध प्यायलेला बिबट्या शिकार शिकत नाही, माणसाला बिचकतही नाही. त्याला रानात सोडले तर त्याचा आणि गावाचाही जीव धोक्यात येतो. म्हणून अशा प्राण्यांना आयुष्यभर सांभाळावे लागते.