साथ : येणारी आणि देण्याची

मराठीत साथ येते आणि साथ देताही येते. गाण्याला पेटीची साथ, संसारात एकमेकांची साथ. आणि पटकीची, देवीची, गोवराची तीही साथच! सोबत या अर्थाचा हा शब्द संस्कृत 'सार्थ' म्हणजे व्यापाऱ्यांचा तांडा, यावरून आला. रोगही तांड्याबरोबर, यात्रेबरोबर, आगबोटीबरोबरच गावोगाव हिंडला, तेव्हा हे नाव त्याला शोभतेच.

आपल्या आज्या-पणज्या मात्र रोगाला त्याच्या करणीवरून हाक मारीत. पटकी ही मरी; तिची देवी मरीआई, आणि मुंबईकडे जरीमरी. कुर्ल्याजवळच्या एका वस्तीचेच नाव जरीमरी आहे. पोट बिघडून होणारी ती मोडशी. हा शब्द पोर्तुगीजांनी गोव्यात उचलला, त्यांच्याकडून तो फ्रेंचांकडे गेला आणि तिथे त्याचे चक्क 'कुत्र्याचे मरण' झाले! १९१८ च्या इन्फ्लुएंझाने अंग नि मान मोडून येई, म्हणून ती मानमोडी.

१८९६ साली मुंबईत मांडवी भागात प्लेग उघडकीस आला. काखेत, जांघेत गाठ येई म्हणून लोक गाठीचा ताप म्हणत. विद्वानांनी 'ग्रंथिक सन्निपात' असे जड नाव दिले. पण पुढे पुढे हे नाव उच्चारायलाच माणसे भिऊ लागली. घरात गाठीचा रोगी आहे असे कळले की सोजीर घरात शिरणार, रोग्याला इस्पितळात आणि घरच्यांना छावणीत नेणार. माजघरापर्यंत, देवघरापर्यंत परके पाय येणार. मग रोगी लपवले जात, आणि लपवल्याने रोग आणखी वाढे. रोग्याला वेगळे ठेवणे शास्त्राला धरूनच होते, यात शंका नाही. पण ते ज्या रीतीने झाले त्याने लोकांचा विश्वास उडाला. ती भीती घरोघरच्या बायकांनी सर्वांत जवळून भोगली असणार.

त्याच दिवसांत पुण्याजवळ सावित्रीबाई फुले आणि त्यांचे दत्तक पुत्र डॉ. यशवंत रोग्यांची शुश्रूषा करीत होते. ज्यांना घरचेही शिवायला धजत नसत, त्यांना सावित्रीबाई दवाखान्यात आणीत. शेवटी तोच संसर्ग त्यांना झाला आणि १० मार्च १८९७ रोजी त्या गेल्या. साथीत साथ देणे ते हे.

त्याच १८९७ सालचा साथरोग कायदा मार्च २०२० मध्ये कोरोनासाठी पुन्हा लागू झाला. तेव्हापासून वर्तमानपत्रांतून 'महामारी' हा शब्द फार बोकाळला. शब्द चुकीचा नाही, पण त्यात ऐकू येते ते मरण तेवढे. एकाकडून दुसऱ्याकडे जाणे हा जो या रोगांचा मुख्य गुण, तो 'साथ' या दोन अक्षरांत आहे. कोणी 'महासाथ' असेही लिहिले. मला ते अधिक पटले. जुन्या बायका तर एवढेच म्हणत, ''तो साथीत गेला हो.''