साबणाची वडी : मोरीपलीकडचा इतिहास

साबणाची वडी आपल्या इतक्या परिचयाची आहे, की तिला काही इतिहास असेल असे सहसा कोणाच्या मनातही येत नाही. दुकानातून ती घरी येते, रोज थोडी थोडी झिजते आणि अखेरीस उरलेली चकती नव्या वडीला चिकटवली जाते. आपल्या लेखी तिचे आयुष्य एवढेच. परंतु कोणत्याही घरगुती वस्तूचे आयुष्य दुकानात सुरू होत नाही आणि मोरीतही संपत नाही. कच्चा माल जेथून निघतो तेथपासून शेवटचा अंश माती-पाण्यात मिसळेपर्यंतचा हिशेब मांडणारे एक शास्त्र आज रूढ झाले आहे. १९६९ मध्ये अमेरिकेत कोका-कोला कंपनीने आपल्या बाटल्या-डब्यांची अशी तुलना करवून घेतली. १९९७ मध्ये या पद्धतीला आंतरराष्ट्रीय मानकाचे रूप मिळाले. शास्त्र नवे असले, तरी त्यामागचा प्रश्न जुना आहे. साबणाच्या इतिहासात तो दोनशे वर्षे पुन्हा पुन्हा उभा राहिलेला आम्हांला दिसतो.

साबणाची मूळ कृती साधी आहे. चरबी किंवा तेल आणि क्षार यांचा संयोग झाला की साबण तयार होतो. पहिल्या शतकातील रोमन लेखक प्लिनी याने गॉल लोकांच्या अशा पदार्थाची नोंद केली आहे. चरबी आणि राख यांपासून तो बनवीत; मात्र त्याचा उपयोग केस तांबूस करण्यासाठी होई. पुढे युरोपात क्षार मिळवण्याकरिता लाकडे जाळली गेली, स्पेनच्या किनाऱ्यावर खाऱ्या जमिनीतील झुडपे जाळली गेली, तर स्कॉटलंडमध्ये समुद्रशेवाळ. थोडक्यात, साबणासाठी आधी काहीतरी जाळावेच लागे. अठराव्या शतकात कापड, काच आणि साबण या तिन्ही धंद्यांची भूक वाढली आणि राख अपुरी पडू लागली.

यावर १७९१ मध्ये निकोलस लब्लाँ या फ्रेंच वैद्याने मार्ग शोधला. मिठावर गंधकाम्लाची क्रिया करून, नंतर कोळसा व चुनखडी यांसह ते भाजून त्याने सोडा बनवला. क्षारासाठी झाडे जाळण्याची गरज उरली नाही. राज्यक्रांतीच्या धामधुमीत त्याचा कारखाना गेला आणि १८०६ मध्ये त्याने आत्महत्या केली. परंतु त्याची पद्धत इंग्लंडमध्ये फोफावली. लिव्हरपूल, सेंट हेलेन्स, विडनेस या भागांत सोड्याच्या भट्ट्या धडधडू लागल्या. १८५३ मध्ये इंग्लंडमधील साबणावरचा कर उठला आणि साबण सामान्य माणसाच्या घरात अधिक सहज पोहोचू लागला.

ही स्वच्छता जेथे तयार होत होती, तेथील चित्र मात्र वेगळे होते. भट्ट्यांतून हायड्रोक्लोरिक आम्लाचा वायू निघे. त्याने आसपासची कुंपणे, झाडे आणि पिके करपत. भट्टीवरील कामगारांचे दात त्या वाफांनी किडून जात. उरलेल्या गाळाचे ढीग कारखान्यांभोवती साचत आणि त्यांना सडक्या अंड्यांचा वास येई. १८३६ मध्ये विल्यम गॉसेज याने तो वायू पाण्यात विरघळवून घेणारा मनोरा तयार केला. उपाय चांगला होता. पण विरघळलेले आम्ल बहुधा जवळच्या ओढ्यांत सोडले जाई. म्हणजे हवेतील विष पाण्यात उतरले, इतकेच. तेच आम्ल ओढ्याकाठच्या गाळाला मिळाले, की पुन्हा दुर्गंधीयुक्त वायू उठे. मोठ्या जमीनदारांनी ओरड केल्यावर १८६२ मध्ये उमरावसभेने चौकशी केली आणि १८६३ मध्ये कायदा झाला. त्यानुसार निदान ९५ टक्के आम्लवायू कारखान्यातच अडवणे सक्तीचे झाले. या कायद्याचा पहिला निरीक्षक रॉबर्ट अँगस स्मिथ. ‘आम्लवर्षा’ हा विषय त्यानेच १८७२ च्या आपल्या ग्रंथात विस्ताराने मांडला. पुढे त्याच आम्लापासून कापड शुभ्र करणारी भुकटी बनू लागली. जो वायू वाऱ्यावर सोडला जात होता, तो अडवणे बंधनकारक झाल्यावर त्याला किंमत आली, ही गोष्ट आम्हांला विशेष बोधप्रद वाटते.

क्षाराचा प्रश्न असा मार्गी लागला. तेलाचा मात्र बिकट होत गेला. विल्यम लिव्हरचा ‘सनलाइट’ साबण १८८० च्या दशकात बाजारात आला आणि १८८८ मध्ये त्याच्या पेट्या कलकत्त्याच्या बंदरात उतरल्या. एवढ्या साबणाला पुरेल इतके स्वस्त तेल आफ्रिकेतील ताडतेलाच्या झाडांपासून मिळण्यासारखे होते. १९११ मध्ये लिव्हरने बेल्जियन सरकारशी करार केला. काँगोतील पाच वर्तुळांतील मिळून साडेसात लाख हेक्टरांपर्यंत जमीन त्याच्या कंपनीला मिळण्याची तजवीज त्यात होती. तेथील मुख्य केंद्राला ‘लिव्हरव्हिल’ असे नाव पडले. उंच झाडांवर चढून फळांचे घड तोडण्याच्या कामास माणसे स्वखुशीने पुरेशी मिळेनात, तेव्हा वसाहतीच्या अधिकाऱ्यांनी बळाचा वापर केला. पडलेले भाव, कराचा बोजा आणि ही सक्ती यांनी गांजलेले पेंडे लोक १९३१ मध्ये उठले. तो उठाव चिरडताना शेकडो माणसे मारली गेली.

हेच झाड १८४८ मध्ये जावा बेटावरील वनस्पती-उद्यानात रोपरूपाने पोहोचले होते. १९११ पासून सुमात्रात आणि १९१७ पासून मलायात त्याचे व्यापारी मळे उभे राहिले. आज जगातील चार-पंचमांशांहून अधिक ताडतेल इंडोनेशिया व मलेशिया या दोन देशांतून येते आणि भारत हा त्याच्या सर्वांत मोठ्या ग्राहकांपैकी एक आहे. आपल्या स्नानाची वडी आणि तेथील तोडलेले पावसाळी अरण्य यांच्यात हे नाते आहे. १९९७ मध्ये त्या बेटांवरील जंगले जळाली, तेव्हा जमीन मोकळी करण्यासाठी मळेवाल्यांनी लावलेल्या आगीही त्यात होत्या.

वडीच्या जन्माची कथा अशी, आता मोरीपुढची. साबणाचा पाण्यात गेलेला अंश जिवाणू सहज पचवतात. परंतु १९४६ मध्ये अमेरिकेत ‘टाइड’ आली आणि खनिज तेलापासून बनलेल्या धुलाईच्या भुकट्यांचे युग सुरू झाले. आपल्याकडे १९५९ मध्ये ‘सर्फ’ आणि १९६९ मध्ये अहमदाबादच्या करसनभाई पटेलांची स्वस्त ‘निरमा’ आली. कपडे धुण्याचे कष्ट हलके झाले, हे निःसंशय. मात्र सुरुवातीच्या भुकट्यांतील रेणूंना फांद्या होत्या; जिवाणूंना ते लवकर पचत नसत. १९५० च्या दशकात युरोप-अमेरिकेच्या नद्यांवर फेसाचे डोंगर तरंगू लागले. पश्चिम जर्मनीने १९६१ मध्ये कायदा केला. सरळ साखळीचे, लवकर कुजणारे रेणू वापरात आले आणि १९६५ पर्यंत अमेरिकन कारखानदारांनीही तोच मार्ग धरला.

फेस ओसरला, पण फॉस्फेट उरले. भुकटीतील हे द्रव्य जड पाणी मऊ करते. तलावात गेल्यावर ते शेवाळाचे खत होते. शेवाळ माजते, मरते, कुजते आणि पाण्यातील प्राणवायू संपवते. ईरी सरोवराची अशी दैना झाली तेव्हा दोष फॉस्फेटचा की आणखी कशाचा, यावर वाद माजला. १९७३ मध्ये डेव्हिड शिंडलर यांनी कॅनडातील एका तळ्यात मधोमध पडदा लावला. दोन्ही बाजूंना कार्बन व नत्र घातले. फॉस्फरस एकाच बाजूला. तेवढी बाजू हिरवीगार झाली. आकाशातून घेतलेल्या त्या छायाचित्राने पुष्कळांची खात्री पटवली.

आपल्याकडे हा धडा अद्याप पुरता गिरवला गेलेला नाही. २०१५ मध्ये बेंगळुरूच्या बेळंदूर तलावावरील फेस वाऱ्याने रस्त्यावर उडत होता. दिल्लीजवळ यमुनेवर तसे थर अनेकदा दिसले आहेत. शुद्ध न केलेले सांडपाणी आणि त्यातील धुलाईद्रव्ये यांचा तो परिणाम. कोकण किनाऱ्यावर न्हाणीचे पाणी केळी-अळूच्या मुळाशी सोडण्याची जुनी रीत होती. तेथे रिठा-शिकेकाईचा अंश माती पचवी. तथापि रिठाही सर्वस्वी निरुपद्रवी नाही. त्यातील फेसाळ द्रव्य माशांना बाधते. आळ्यात चालणारी वस्तू ओढ्यात चालेलच असे नाही, हे आपल्या पूर्वजांच्या रीतीत गृहीत होते.

या इतिहासातून आम्ही जुन्याकडे परत फिरण्याचा सल्ला काढत नाही. साबणाने रोगराईपासून असंख्य जीव वाचवले आहेत आणि पुढेही वाचवील. दिसते ते इतकेच, की दर खेपेस घाण नाहीशी झाली नाही. ती राखेतून हवेत, हवेतून ओढ्यात, एका देशाच्या मोरीतून दुसऱ्याच्या अरण्यात सरकली. जेथे कोणी तिचा माग काढला आणि कायद्याने तिला अडवले, तेथेच ती खरोखर कमी झाली. हात धुतल्याने आपण स्वच्छ होतो; पण ते पाणी कोणाच्या दारी गेले आणि ती वडी कोणाच्या घामावर घडली, हे विचारल्यावाचून आपल्या स्वच्छतेचा हिशेब पुरा होत नाही.