पेसमेकरची तार आणि ‘योग्य जागा’

मी तत्त्वज्ञानाचा माणूस, हृदयरोगतज्ज्ञ नव्हे. तरी आज पेसमेकरच्या तारेबद्दल बोलणार आहे. ‘चूक’ म्हणजे नक्की काय, हा आमचा जुना प्रश्न या तारेच्या इतिहासात फार स्वच्छ दिसतो. शिवाय समोर बसलेल्यांपैकी काहींच्या छातीत ही तार असेल, तेव्हा हा प्रश्न नुसता पुस्तकी नाही.

पेसमेकर म्हटलं की आपल्याला गळ्याच्या हाडाखालची ती छोटी डबी आठवते. पण हृदयाला ठोका पोचवते ती डबीतून निघालेली तार. डॉक्टर तिला ‘लीड’ म्हणतात. शिरेतून ती हृदयाच्या वरच्या उजव्या कप्प्यात येते आणि झडप ओलांडून खालच्या उजव्या कप्प्यात उतरते. डबी कितीही उत्तम असो, तारेचं टोक कुठे टेकलं यावर पुढचं सगळं अवलंबून असतं.

शिरेच्या वाटेने हृदयापर्यंत पोचता येतं, हे १९२९ साली जर्मनीतल्या एबर्सवाल्ड इथे वर्नर फोर्समान या तरुण डॉक्टरने दाखवलं. त्याने स्वतःच्याच हाताच्या शिरेत नळी सरकवली आणि तसाच चालत एक्स-रेच्या खोलीत गेला. १९५६ साली त्याला नोबेल पारितोषिक विभागून मिळालं.

मग आलं १९५८ साल. स्टॉकहोममध्ये शल्यविशारद ओके सेनिंग आणि अभियंता रुने एल्मक्विस्ट यांनी छाती उघडून हृदयाला बाहेरून तारा जोडल्या आणि यंत्र शरीरातच बसवलं. ते पहिलं यंत्र काही तासच चाललं. पण तो रुग्ण, आर्ने लार्सन, पुढे एकामागून एक २६ यंत्रं वापरून २००१ सालापर्यंत जगला. त्याच १९५८ मध्ये न्यूयॉर्कच्या माँटेफिओरी रुग्णालयात सीमोर फर्मन यांनी छाती न उघडता शिरेतून तार आत नेली. एका ७६ वर्षांच्या रुग्णाचं हृदय त्यांनी असं ९६ दिवस चालवलं. यंत्र मात्र बाहेर, चाकांच्या गाड्यावर होतं. पुढे जगभर रुळली ती हीच शिरेची वाट.

छाती उघडायची नाही, याचा अर्थ टोक डोळ्यांना दिसणार नाही. ते एक्स-रेच्या सावलीवरून ओळखायचं. इथून चुकांचा इतिहास सुरू होतो.

पहिली चूक साधी: तार जागेवरून सरकते. बहुधा सुरुवातीच्या दिवसांत किंवा आठवड्यांत. मग ठोका पोचत नाही आणि जुनी चक्कर परत येते. दुसरी चूक: टोक पातळ भिंत भेदून बाहेर जातं. हृदयाभोवतीच्या पिशवीत रक्त साठून जिवावर बेतू शकतं. कधी टोकाची वीज श्वासपटलाला लागते आणि माणसाला ठोक्यागणिक उचकीसारखे झटके बसतात.

तिसरी चूक सर्वांत फसवी. साधारण चौघांतल्या एकाच्या हृदयात, वरच्या दोन कप्प्यांच्या पडद्यात, जन्माआधीची एक फट पुरती मिटलेली नसते. तार त्या फटीतून डाव्या बाजूला शिरू शकते. पेसमेकर तरीही चालतो, ठोके नीट पडतात, समोरून काढलेल्या एक्स-रेत सगळं जागच्या जागी वाटतं. पण डाव्या कप्प्यातलं रक्त थेट मेंदूकडेही जातं. तारेवर जमलेली गुठळी सुटली, तर पक्षाघात. आपल्याकडचं दर्शनशास्त्र शिंपल्याला रुपं समजण्याचं उदाहरण देतं. दिसणं खरं असतं, त्यावरून बांधलेलं ज्ञान खोटं असतं. इथे उपायही तोच, दुसऱ्या बाजूने पाहणं. कुशीवरून काढलेल्या एक्स-रेत तार मागे वळलेली दिसते, आणि ईसीजीच्या आलेखाचा आकारही बदलतो. लवकर लक्षात आलं तर तार काढून पुन्हा बसवता येते. उशिरा कळलं तर रक्त पातळ ठेवणारी औषधं बहुधा कायमची घ्यावी लागतात.

आता माझा खरा मुद्दा. या तिन्ही चुका ‘योग्य जागा’ गृहीत धरून ठरतात. ती जागा म्हणजे उजव्या कप्प्याचं खालचं टोक. ती कोणी आणि का ठरवली? तिथल्या स्नायूंच्या जाळीत तार चांगली अडकून राहते म्हणून. सोय होती, आणि सोयीचं हळूहळू ‘योग्य’ झालं.

हृदयाची स्वतःची वाट वेगळी आहे. आपल्या गंगापूर धरणाचं पाणी कालव्यातून चाऱ्यांत आणि चाऱ्यांतून शेतात जातं, तशी हृदयातली वीज एका ठरलेल्या तंतुजालातून सगळीकडे जवळजवळ एकदम पोचते. उजव्या टोकाला ठोका देणं म्हणजे शेवटच्या वावराचा बांध फोडून पाणी सोडणं. ते ढेकळांतून झिरपत जातं. एक भिंत आधी आकसते, दुसरी नंतर. २००२ साली ‘डेव्हिड’ नावाच्या अभ्यासात ५०६ रुग्ण होते. त्यांची हृदयं आधीच अशक्त होती. ज्यांना उजवीकडून वारंवार ठोके दिले गेले, त्यांच्यात मृत्यू किंवा हृदय थकून दाखल होणं जास्त आढळलं. तार सुटली नव्हती, भिंत भेदली नव्हती. पुस्तकाप्रमाणे सगळं बरोबर होतं.

गंमत अशी, की त्या नैसर्गिक वाटेचा मुख्य धागा विल्हेल्म हिस यांनी १८९३ सालीच वर्णिला होता. पण माणसात कायमची तार तिथे बसवल्याचं काम प्रसिद्ध झालं ते २००० साली, अमेरिकेतल्या प्रमोद देशमुख आणि सहकाऱ्यांचं. नाव आपल्या ओळखीचं वाटेल. १८ जणांवर प्रयत्न, १२ जणांत यश. २०१७ साली चीनमधल्या वेनझोऊच्या डॉक्टरांनी तार मधल्या पडद्यात खोल रुतवून डाव्या फांदीपर्यंत नेली. तार स्नायूत रुतण्याची कालवर धास्ती होती, तिथे ते आता मोजूनमापून केलं जातं.

म्हणून चुका दोन जातींच्या मानाव्यात. एक नियम मोडल्याची, ती तपासणीत सापडते. दुसरी नियमातच बसलेली, ती वर्षानुवर्षांच्या नोंदी ठेवल्या तरच सापडते. पहिलीसाठी कुशल हात हवेत, दुसरीसाठी आपलंच बरोबर पुन्हा तपासण्याची तयारी.

शेवटी, ज्यांच्या घरी पेसमेकर आहे त्यांच्यासाठी. उजव्या टोकाला तार असणारे असंख्य लोक ठणठणीत आहेत, तेव्हा घाबरून जाऊ नका. पण शस्त्रक्रियेनंतर पुन्हा चक्कर आली, छातीत दुखलं, धाप लागली, न थांबणारी उचकी लागली, तर त्याच दिवशी दाखवा. तोंड वाकडं झालं किंवा हात लुळा पडला, तर क्षणभरही थांबू नका. आणि नेहमीच्या तपासणीला गेलात की एक प्रश्न जरूर विचारा: “डॉक्टर, माझी तार कुठे आहे, आणि ती कुशीवरून पाहिली आहे का?” उत्तर घरच्या फाइलमध्ये लिहून ठेवा.