सिंधूची अखेरची जबानी

राम गणेश गडकरी २३ जानेवारी १९१९ रोजी सावनेर येथे निवर्तले. त्यास महिना होण्यापूर्वीच, २० फेब्रुवारीस, बडोद्यास गंधर्व नाटक मंडळीने त्यांच्या ‘एकच प्याला’चा पहिला प्रयोग केला. बालगंधर्व सिंधू झाले, गणपतराव बोडस सुधाकर झाले; पदे वि. सी. गुर्जरांची होती. आपल्या या शोकांतिकेचा प्रयोग पाहणे नाटककाराच्या नशिबी नव्हते. तेव्हापासून आजवर, शंभराहून अधिक वर्षे, तिच्यातील पात्रांचा अर्थ लावण्याचे काम चालू आहे. आम्ही पेशाने वकील असल्यामुळे हा सारा वाद आम्हांस एखाद्या लांबलेल्या खटल्यासारखा वाटतो. आणि या खटल्यात आरोपी कोण, हाच मुळी वादाचा मुद्दा आहे.

कथानक वाचकांस ठाऊक आहे. सुधाकर हा बुद्धिमान, परंतु अतिशय मानी वकील. भर न्यायालयात झालेल्या खटक्यापायी त्याची सनद काही काळ रद्द होते आणि अपमानाने पोळलेल्या त्या मनाला त्याचा कारकून तळीराम ‘एकच प्याला’ सुचवितो. पुढे घर बुडते, सिंधू दळण दळून संसार रेटते आणि अखेरीस दारूच्या धुंदीत सुधाकराच्या हातून तान्हे मूल मरते व सिंधू प्राणांतिक घायाळ होते.

प्रारंभीच्या काळात सर्वांत सोपा निकाल दिला गेला तो असा, की आरोपी दारू होय. नाटक मद्यपाननिषेधाच्या प्रचाराला जुंपले गेले, ते याच समजुतीने. हा अर्थ खोटा नव्हे, पण अपुरा आहे. केवळ दारूने माणूस बुडाला एवढेच सांगावयाचे असते, तर गडकऱ्यांना सुधाकराची बुद्धी आणि त्याचा मानीपणा इतक्या बारकाईने रंगविण्याचे प्रयोजन नव्हते. ॲरिस्टॉटलने शोकांतिकेच्या नायकाविषयी जे म्हटले आहे, की तो सर्वस्वी दुष्टही नसावा व सर्वस्वी निर्दोषही नसावा, आपल्याच हातून झालेल्या प्रमादाने त्याचा पात व्हावा, ते सुधाकराला तंतोतंत लागू पडते. प्याला हाती येण्यापूर्वीच त्याच्या अहंकाराला तहान लागली होती.

दुसरा निकाल तळीरामाच्या विरुद्ध गेला. शेक्सपिअरचा इयागो डोळ्यांपुढे असणाऱ्यांना हे सहज सुचले. देवलांच्या ‘झुंझारराव’मुळे ‘ऑथेल्लो’ची कथा मराठी रंगभूमीला १८९० पासूनच परिचित होती. इंग्रजी समीक्षेतही हाच वाद होऊन गेला आहे. कोलरिजला इयागोच्या दुष्टाव्यामागे पुरेसा हेतूच दिसेना. ब्रॅडलेने १९०४ साली ऑथेल्लोला उदात्त नायक मानून इयागोच्या कपटबुद्धीला मोठे स्थान दिले. तर १९३७ साली लीव्हिसने उलट सांगितले, की नाशाचे बीज ऑथेल्लोच्या आत्मप्रेमातच होते, इयागो केवळ निमित्त. तळीराम मात्र इयागो नव्हे. त्याला धन्याचा सूड घ्यावयाचा नाही. आपण पितो, तेव्हा सोबतीला आणखी कोणी असावे, एवढीच त्याची आकांक्षा. आणि त्याच व्यसनाने तोही मरतो. सामान्य मराठी माणसाने त्याचे नाव मद्यप्यांसाठी सामान्यनाम करून टाकले, त्यात राग थोडा आणि हसू अधिक आहे. खलनायकाच्या नावाने कोणी असे हसत नाही.

राहिली सिंधू. तिच्याविषयी पूर्वीचे रसिक जवळजवळ एकमताने बोलत: ती पातिव्रत्याचा आदर्श होय. बालगंधर्वांच्या गायनाने आणि अभिनयाने या मतावर कळस चढविला. पुढच्या पिढ्यांनी याच आदर्शावर बोट ठेवले आणि विचारले, की सर्व सोसणारी ही बाई अन्यायाला हातभारच लावीत नाही काय? आमच्या मते या दोन्ही पक्षांनी एका पुराव्याकडे पुरेसे लक्ष दिलेले नाही. तो पुरावा म्हणजे सिंधूची मरतेवेळची जबानी.

मरणाच्या दारातील माणूस खोटे बोलत नाही, या विश्वासावर कायद्याने मृत्युपूर्व जबानीला असाधारण मान दिला आहे. १८७२ च्या पुराव्याच्या कायद्याच्या कलम ३२ मध्ये ती ग्राह्य धरली होती. १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम २६ मध्येही ती तशीच आहे. खुशाल राव खटल्यात १९५७ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की अशी जबानी खरी असल्याची खात्री पटल्यास केवळ तिच्या आधारेही शिक्षा देता येते. सिंधू नेमके याच क्षणी खोटे बोलते. पतीला वाचविण्यासाठी ती सारा दोष अपघातावर ढकलते. डेस्डिमोनाही मरताना हेच करते आणि आपल्या मृत्यूचा दोष स्वतःवर घेते. ज्या ओठांतून कायदा सत्याची अपेक्षा करतो, त्याच ओठांतून दोन्ही नाटककारांनी असत्य वदविले आहे.

पण पुढे काय होते ते पाहावे. ऑथेल्लो त्या असत्याचा आसरा घेत नाही. खून आपणच केला, असे तो सांगून टाकतो. सुधाकरही सिंधूच्या शब्दांनी वाचत नाही. अखेरचा प्याला तो विष घालून पितो. सिंधूचे असत्य यशस्वी झाले असते, तर नाटक पातिव्रत्याचे स्तोत्र ठरले असते. ते निष्फळ ठरते, म्हणूनच ती शोकांतिका आहे. जिच्या सत्याला घरात कधी जागा नव्हती, तिने मरतेवेळीही सत्य सांगितले नाही. आणि त्या मौनाने कोणाचेच रक्षण झाले नाही. असे वाचले म्हणजे सिंधू लहान होत नाही. तिच्याकडून हा त्याग मागणारे जग मात्र उघडे पडते.

हा प्रश्न केवळ ग्रंथालयातला नव्हे. सुरतेच्या दक्षिणेस असलेले आमचे पांडेसरा हे रंगाई-छपाईच्या गिरण्यांचे गाव. खानदेशातून पोटासाठी आलेली असंख्य मराठी कुटुंबे येथे राहतात. ज्या बडोद्यात ‘एकच प्याला’ प्रथम रंगला, ते आज याच गुजरात राज्यात आहे, आणि १९६० साली राज्य झाल्यापासून येथे दारूबंदी आहे. प्याला कायद्याने मना आहे, तरी तो घराघरांत पोहोचल्यावाचून राहिलेला नाही. बायकोला झालेल्या छळासाठी १९८३ साली ४९८-अ हे कलम आले, २००५ साली कौटुंबिक हिंसाचाराविरुद्ध स्वतंत्र कायदा आला. तरी साक्षीच्या वेळी ‘मीच पडले’ हे दोन शब्द आम्ही अनेकदा ऐकत आलो आहोत. ते शब्द उच्चारणाऱ्या स्त्रीने गडकरी वाचलेले नसतात. पण सिंधूला देव्हाऱ्यात बसविणाऱ्या समाजाचे शिक्षण तिला घरबसल्या मिळालेले असते.

पात्रांचा अर्थ लावणे हे म्हणूनच निरुपद्रवी काम नव्हे. एखाद्या असत्याला आपण सद्गुण म्हणू लागलो, की ते रंगभूमीवरून उतरून संसारात शिरते. गोव्यातील जत्रोत्सवांपासून खानदेशापर्यंत ज्या ज्या मंडपात संगीत नाटकावर प्रेम करणारे प्रेक्षक बसतात, तेथे सिंधूसाठी अश्रू अवश्य ढाळावेत. मात्र तिची जबानी खरी मानू नये. गडकऱ्यांनीही ती खरी मानलेली नाही.